गाव सोडून गेलेला लॉर्ड

ज्या माणसाच्या आयुष्यावर मी पीएच.डी. केली, त्याचा आणि माझा एकच संबंध होता, तो कापसाचा. इंग्लंडच्या उत्तरेला कापडगिरण्यांचं एक गाव होतं. तिथल्या गिरणीमालकाचा हा मुलगा. गावानं त्याला पुन्हा पुन्हा निवडून पार्लमेंटात पाठवलं. मालकाचा मुलगा असूनही कामगारांचे तास कमी व्हावेत म्हणून तो बोलला, मतदान गुप्त असावं म्हणून भांडला. पुढे अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस यायचा थांबला आणि गावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. धडधाकट माणसं भांडी घेऊन सूपच्या रांगेत उभी राहायला लागली. नेमकं त्याच काळात राणीनं याला लॉर्ड केलं. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहातली जागा सोडून तो लॉर्डांच्या सभागृहात जाऊन बसला. दक्षिणेला विकत घेतलेल्या जहागिरीवर राहायला गेला. लॉर्ड झाल्यावर एखाद्या ठिकाणाचं नाव घ्यायची तिकडे रीत आहे. गिरण्यांच्या गावाला वाटत होतं, आपलं नाव घेईल. त्यानं जहागिरीतल्या खेड्याचं नाव घेतलं.

अमेरिकेचा कापूस बंद झाला तेव्हा इंग्लंडला आमच्या वऱ्हाडाची आठवण झाली. माझं गाव कापसाच्या बाजाराचं. वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते. सीझनमध्ये घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळ्यांवर बारीक रुई बसलेली असायची आणि आई ती ओल्या फडक्यानं पुसायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. नगरपरिषदेच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी सांगितलं होतं, की आपला बाजार मोठा झाला तो तिकडे कोणीतरी उपाशी राहिलं म्हणून. ते वाक्य डोक्यात राहिलं. त्या उपाशी गावाचा शोध घेता घेता मी या लॉर्डापर्यंत पोचलो आणि लॉर्डाच्या मागे मागे जपानला.

जपानला का, हे मला सगळेच विचारायचे. टोकियोतल्या निशी-कसाईच्या मराठी मंडळींत एक बँकेतले काका होते. मुंबईहून बदलीवर आलेले, मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम त्यांच्याच हातात. ते म्हणायचे, "इंग्रज लॉर्ड शिकायला जपानला? म्हणजे हापूस खायला काश्मीरला गेल्यासारखं झालं." कारण साधं होतं. या लॉर्डावर सगळं आयुष्य घालवलेला माणूस टोकियोत शिकवत होता आणि जपान सरकारनं मला शिष्यवृत्ती दिली होती. इंग्लंडनं दिली नव्हती.

माझे सेन्सेई, म्हणजे माझे गाइड, तेव्हा निवृत्तीला आले होते. विद्यार्थिदशेत ते इंग्लंडला गेले होते. या माणसाची भाषणं, पत्रं, गिरणीचे कागद, जे मिळेल त्याच्या झेरॉक्स काढून त्यांनी खोके भरून आणले होते. पुढेही वर्षानुवर्षं मागवत राहिले. ते सगळं योकोहामाच्या टेकडीवरच्या त्यांच्या लाकडी घरात होतं. लॉर्डाचं चरित्र लिहायचं हे त्यांचं एकच काम उरलं होतं आणि त्यात त्यांनी मला हाताशी घेतलं होतं. माझं आडनाव गावावरून आलंय आणि शेवटचा 'कर' म्हणजे 'तिथला', हे एकदा मी त्यांना सांगितलं. ते खूप हसले. म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे राणीला काही कामच नाही. सगळे जन्मतःच लॉर्ड."

जपानच्या २०११च्या मोठ्या भूकंपाच्या आधीच्या हिवाळ्यात मी सेमिनारमध्ये या लॉर्डावर एक निबंध वाचला होता. गाव उपाशी असताना हा माणूस पदवी घेऊन निघून गेला, त्यानं गावाला विकलं, असा त्याचा सूर होता. मला तो निबंध फार आवडला होता. सेन्सेई एवढंच म्हणाले, की तुम्ही फार लवकर रागावता.

भूकंप झाला त्या शुक्रवारी दुपारी मी विद्यापीठात होतो. गाड्या बंद पडल्या. हजारो लोकांबरोबर मीही चालत फुनाबोरीला माझ्या खोलीवर आलो. कोणी आरडाओरडा करत नव्हतं. त्या शांतपणाचीच मला भीती वाटत होती. शनिवारी सेन्सेईंचा फोन लागला. ते आणि त्यांची बायको ठीक होते. पण अभ्यासिकेतली सगळी कपाटं पडली होती आणि लॉर्डाचे कागद खोक्यांतून बाहेर येऊन एकमेकांत मिसळले होते. मी लगेच म्हणालो, सोमवारी येतो, सगळं लावून देतो. जपानी वडीलधारी माणसं अशा वेळी नको नको म्हणतात, तुम्हाला त्रास कशाला म्हणतात. सेन्सेईंनी तसं काही केलं नाही. म्हणाले, "मदत होईल."

रविवारपर्यंत भूकंपात बिघडलेल्या अणुभट्ट्यांच्या बातम्यांनी सगळा रंगच बदलला. आमच्या गावी टीव्हीवर तेच पांढरे धूर पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि आई ते पाहून दर थोड्या वेळानं फोन करत होती. ती रडत नव्हती. नुसतं म्हणायची, "शिकणं कुठी पळून चाललं? तू पयले घरी ये." वडील फोन घ्यायचे, जेवलास का एवढं विचारायचे आणि तो परत तिच्या हाती द्यायचे. निशी-कसाईतली निम्मी कुटुंबं निघालीच होती. बँकेतल्या काकांनी बायको-मुलांना घेऊन मुंबई गाठली होती. जपानबाहेर जाऊन परत यायचं तर आधी री-एंट्री परमिट काढावं लागायचं. ते शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात मिळायचं.

सोमवारी सकाळी मी खोलीतून निघालो तो शिनागावाला. इमारतीच्या जिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. त्या आमच्याच मंडळातल्या. त्यांचे यजमान एका कंपनीत इंजिनियर होते आणि मुलगी जेमतेम वर्षाची होती. "तुम्ही पण?" एवढंच त्यांनी विचारलं. मी परत वर गेलो, खोलीतल्या पाण्याच्या दोन बाटल्या आणून त्यांना दिल्या. दुकानांत पाणी मिळत नव्हतं. बाटल्या देताना मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. त्या म्हणाल्या, "या जाऊन."

शिनागावा योकोहामाच्या वाटेवरच आहे. त्या दिवशी गाड्या कमी होत्या, पण चालू होत्या. मी तिथे उतरलो नसतो, बसून राहिलो असतो, तर सेन्सेईंच्या घरी पोचलो असतो. हे मला त्या वेळीही माहीत होतं. उतरलो, आणि ऑफिसच्या इमारतीला वळसा घातलेल्या रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. रांगेत सगळ्या देशांची माणसं होती आणि सगळी खाली पाहत होती. सेन्सेईंना फोन करावा असं दिवसभर वाटत होतं. काय सांगायचं ते ठरत नव्हतं, म्हणून केला नाही. दुसऱ्या दिवशी विमानतळावरून ईमेल पाठवला. घरच्यांना काळजी वाटते, काही दिवस जाऊन येतो, असं लिहिलं. विमानात बसण्याआधीच उत्तर आलं, "आई-वडिलांना नमस्कार सांगा. प्रकृती सांभाळा."

घरी माझं कौतुकच झालं. शेजारीपाजारी चहाला येऊन माझ्याकडे अशा नजरेनं पाहायचे, जणू मी समुद्रातून पोहत आलोय. आई रोज काहीतरी करून घालायची. मी खायचो आणि टीव्हीवर जपान पाहायचो. विद्यापीठानं नवं सत्र पुढे ढकललं होतं. ते सुरू व्हायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, यंदा राहू दे. वडील म्हणाले, "शिष्यवृत्ती त्याईचीच हाय ना?" तिथेच विषय संपला. मी परत निघालो.

विभागाच्या खोलीत गेलो तेव्हा सेन्सेई उभे होते. सेक्रेटरीबाई होत्या, दोघे विद्यार्थी होते आणि माझ्याहून वर्षभर सीनियर असलेली एक जपानी मुलगीही होती. मी दारातून आत गेलो आणि सेन्सेईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

आमच्या घरी गावाहून आल्यावर मोठ्यांच्या पाया पडायचं असतं. त्यात विचार करायचा नसतो. हात आपोआप खाली जातात. वाकलेला असताना मला जाणवलं, की खोलीतला आवाज बंद झालाय. प्रिंटर चालू होता, तेवढाच काय तो. सेन्सेई दोन पावलं मागे सरले आणि त्यांची पाठ कपाटाला लागली. ते कसंनुसं काही पुटपुटले. मी उठलो तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि बाकी सगळे आपापल्या टेबलाकडे पाहत होते.

सीनियर मुलगी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली. ती रागावली नव्हती, शिकवण्याच्या सुरात बोलत होती. म्हणाली, की जमिनीवर डोकं टेकून माफी मागणं इथे फार मोठं असतं. ज्यानं फार मोठा अपराध केला आहे तोच असं करतो, तेही सहसा चार माणसांदेखत नाही. मी सांगायचा प्रयत्न केला, की ही माफी नाही, आमच्याकडे हा नमस्कार असतो.

ती म्हणाली, "असेल. पण तुम्ही आता सेन्सेईंना अडचणीत टाकलंत. त्यांनी काहीच म्हटलं नाही, तर त्यांनी माफ केलं नाही असं होतं. माफ केलं म्हटलं, तर तुम्ही अपराध केला होता असं होतं. आजपर्यंत ते म्हणत होते, की काही झालंच नाही."

मी विचारलं, सेन्सेईंच्या कपाटांचं काय झालं. तिनं सांगितलं, की सेन्सेईंनी आणि त्यांच्या बायकोनं मिळून सगळं लावलं. कागद जुळवायला त्यांना बरेच दिवस लागले. कंबर धरली म्हणून सेन्सेई अजून पट्टा बांधतात. तिला कळलं तेव्हा काम संपलं होतं.

त्यानंतर पुष्कळ दिवस मी स्वतःला एक प्रश्न विचारत होतो. मी पाया पडलो तो खरंच नमस्कार होता का? तिला मी नमस्कार म्हणून सांगितलं खरं. पण आमच्याकडेही माणूस कधीकधी पाया पडण्याच्या निमित्तानं माफी मागून घेतो. मोठी माणसं दोन शब्द रागावतात, पाठीवर हात ठेवतात, आणि विषय संपतो. मला बहुधा तेच हवं होतं. मला रागावून घ्यायचं होतं. इथे कोणी रागावतच नव्हतं. सेन्सेई पूर्वीसारखेच सौम्य होते, कॉफी विचारायचे, माझ्या आईची चौकशी करायचे. मी दर वेळी आता बोलतील म्हणून थांबायचो आणि ते नेपोलियनपासून चहाच्या आयातीपर्यंत काहीही बोलायचे.

त्याच महिन्यात त्यांनी मला चरित्रातलं एक प्रकरण लिहायला दिलं. लॉर्ड पदवीचं प्रकरण. माझ्या प्रबंधाचंही शेवटचं प्रकरण तेच. ते म्हणाले, मसुदा तुम्ही करा, तो जमला तर पुस्तकात तुमच्या नावानं घेऊ. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. प्रबंध आणि पुस्तकातलं नाव, दोन्ही त्या प्रकरणावर होती. आणि प्रकरण होतं गाव सोडून गेलेल्या माणसाचं.

तो वीजबचतीचा उन्हाळा होता. विद्यापीठाचे कॉरिडॉर अंधारे, लिफ्ट बंद, खोल्यांमध्ये नावापुरता एसी. मी मानेवर ओला टॉवेल टाकून लिहायचो. हिवाळ्यातला निबंध काढून पाहिला तर एकही वाक्य वापरावंसं वाटेना. 'गावाला विकलं' हे शब्द दिसले की मी ते पान उलटून ठेवायचो. मी नव्यानं कागद वाचायला लागलो आणि मला कारणं सापडायला लागली. लॉर्डाची छाती कमजोर होती. उत्तरेतला धूर त्याला सोसत नव्हता. बायकोचं माहेर दक्षिणेला होतं आणि ती काळजी करायची. पक्षाच्या पुढाऱ्याला वरच्या सभागृहात आपली माणसं हवी होती. तिथे बसूनही गावासाठी बरंच करता आलं असतं. प्रत्येक कारणाला कुठे ना कुठे एखाद्या ओळीचा आधार होता. मी ती सगळी कारणं नीट मांडली. इंग्रजीत लिहिताना इतकं ओघवतं मला पूर्वी कधी जमलं नव्हतं.

मसुदा देऊन आठवडा झाला तेव्हा सेन्सेईंनी मला योकोहामाला घरी बोलावलं. भूकंपानंतर मी तिथे पहिल्यांदाच जात होतो. अभ्यासिकेतली कपाटं आता लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला बांधली होती. खोके ओळीनं होते. त्यांच्या बायकोनं भाजलेल्या बार्लीचा गार चहा आणून ठेवला आणि त्या बाहेर गेल्या. सेन्सेईंनी मसुदा उघडला. एकही वाक्य खोडलं नव्हतं. ज्या ज्या ठिकाणी मी कारण दिलं होतं, तिथे तिथे समासात पेन्सिलीनं लहानसं प्रश्नचिन्ह होतं. पानापानावर होती ती.

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "या माणसानं आपण का गेलो, हे कुठेही लिहिलेलं नाही. एवढे कागद आहेत, त्यात ते नाही. ही कारणं त्याची नाहीत. तुम्ही ती कुठून आणलीत?"

मी छातीच्या दुखण्याचा आधार दाखवायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. खिडकीबाहेर सिकाडा किड्यांचा किरकिराट चालू होता. माझं बोलणं संपल्यावर ते खोक्यांकडे पाहत म्हणाले, "त्या सोमवारी आम्ही वाट पाहिली. तुम्ही मांस खात नाही म्हणून बायकोनं नुसत्या भाज्यांची करी केली होती. दुकानात जे होतं त्याची. दुपार उलटेपर्यंत आम्ही जेवलो नाही."

आवाजात राग नव्हता. मी इतके दिवस जे मागत होतो ते मला मिळालं होतं, आणि ते मिळाल्यावर हलकं वाटेल हा माझा अंदाज साफ चुकला. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की ती करी त्यांनी नंतर गार खाल्ली असेल. त्या वेळी मी रांगेत उभा होतो आणि माझ्या खिशात फोन होता.

मी क्षमा मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात किंचित वर केला.

"गेलात का, ते मी विचारत नाही. आई बोलावते तेव्हा माणूस जातो. मी विचारतो, परत का आलात?"

याचं चांगलं उत्तर देता येण्यासारखं होतं. तुमच्यासाठी आलो, असं म्हणता आलं असतं. या देशानं मला शिकवलं, संकटात त्याला सोडून कसा राहू, असंही म्हणता आलं असतं. आमच्या गावी निरोप घेताना मी तसं म्हटलंही होतं आणि लोकांचे डोळे भरून आले होते.

मी म्हणालो, "डिग्रीसाठी. सत्र चुकलं असतं तर शिष्यवृत्ती गेली असती."

सेन्सेईंनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. ते म्हणाले, "मग त्याच्याबद्दलही असंच लिहा. माहीत आहे तेवढं लिहा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. त्याला चांगलं कारण चिकटवू नका. वाईटही चिकटवू नका, हिवाळ्यात चिकटवलं होतंत तसं."

निघताना त्यांच्या बायकोनं दारात विचारलं, जेवून जाता का. मी नको म्हणालो. ते तरी का म्हणालो कोण जाणे.

मी प्रकरण पुन्हा लिहिलं. तो गेला, हे एका परिच्छेदात आलं. केव्हा गेला, कुठे राहिला, कोणतं नाव घेतलं. का गेला हे त्याच्या कागदांवरून कळत नाही, असं सरळ लिहिलं. मग प्रकरणाचा बाकीचा भाग रिकामा राहिला. तो मी गावाला दिला. मागे जे राहिले त्यांनी तो काळ कसा काढला, ते लिहिलं. चर्चच्या तळघरात चालवलेलं स्वयंपाकघर, बेकार गिरणीमुलींना शिवण शिकवायला काढलेले वर्ग, गावातच राहिलेले डॉक्टर आणि मास्तर. त्यांच्याविषयी लिहिताना माझ्या लेखणीला पुन्हा ओघ आला. त्यांची निष्ठा, त्यांचं धैर्य, गावावरचं त्यांचं प्रेम, असे शब्द सहज येत गेले. गेलेल्या माणसाला न्याय देता आला नव्हता, म्हणून राहिलेल्यांना मी भरभरून दिला. सेन्सेईंनी तो मसुदा वाचला, दोन तारखा दुरुस्त केल्या आणि पसंत केला.

प्रबंध मान्य झाला. पुढे पुस्तकही निघालं. माझं इंग्रजी प्रकरण सेन्सेईंनी त्यात जपानीत आणलं, ते माझ्या नावावर आहे. मी एक प्रत गावी पाठवली. जपानी अक्षरं कुणालाच वाचता येत नसूनही वडिलांनी ती जिनिंगमधल्या प्रत्येकाला दाखवली, असं आई सांगत होती.

बँकेतल्या काकांनी मंडळातर्फे माझा सत्कार ठरवला. फुनाबोरीतलं एक सभागृह भाड्यानं घेतलं होतं. शाल आणली होती, आणि नारळ कुठून मिळवला त्यांचं त्यांना ठाऊक. प्रमुख पाहुणे म्हणून सेन्सेई सपत्नीक आले होते आणि पहिल्या रांगेत अगदी ताठ बसले होते. मुलं मागे जपानीत एकमेकांशी भांडत होती. काका बोलायला उठले. ते छान बोलतात. जिनिंगमधला कामगार, नगरपरिषदेची शाळा, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. आणि मग म्हणाले, "जेव्हा सगळं जग जपानकडे पाठ फिरवत होतं, तेव्हा हा वऱ्हाडातला मुलगा आपल्या गुरूंना सोडून गेला नाही."

काका थट्टा करत नव्हते. ते स्वतः तेव्हा मुंबईत होते, त्यामुळे इथे कोण होतं न् कोण नव्हतं हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी एक चांगलं कारण शोधून मला लावून टाकलं होतं. टाळ्या वाजल्या. सेन्सेईंनाही टाळ्यांचा अर्थ कळला, तेही वाजवायला लागले.

माझ्या हातात माइक आला. आभार मानले, आई-वडिलांचं, शाळेचं, सेन्सेईंचं नाव घेतलं. मग म्हणालो, काकांच्या बोलण्यात एक दुरुस्ती आहे. मी गेलो होतो. सेन्सेईंना मदतीला येतो असा शब्द दिला होता आणि त्या दिवशी मी परमिटच्या रांगेत उभा होतो. त्यांना कळवलंही नाही.

सभागृह गप्प झालं. विनय म्हणून लोक हसतील असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. तिथे बसलेल्यांतले निम्मे लोक त्या आठवड्यात गेलेले होते. इतक्या दिवसांत आमच्या कुठल्याही गणपतीत, कुठल्याही डबापार्टीत तो विषय निघाला नव्हता.  शेवटी काकाच मदतीला आले. "अहो डॉक्टर, आम्ही पण गेलो होतो. पण सत्काराला कोण सांगतं असं? आता शाल परत घेऊ की काय?" त्यावर सगळे सुटल्यासारखे हसले आणि चहाची घोषणा झाली.

चहाच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याजवळ आल्या. मुलगी आता चांगली पळायला लागली होती, त्यांचा पदर ओढत होती. मला वाटलं, या तरी काही बोलतील. या राहिल्या होत्या. त्यांच्यासमोर मान खाली घालायची माझी तयारी होती. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही लोकांनी खरं धैर्य दाखवलंत."

"कसलं धैर्य?" त्या म्हणाल्या. "ह्यांना रजा दिली नाही कंपनीनं. मी रोज भांडत होते ह्यांच्याशी. एकदा तर बॅग भरून, हिला कडेवर घेऊन स्टेशनपर्यंत गेले होते एकटी. तिकिटं महाग म्हणून परत आले. आणि तुम्ही लोक राहण्याचं कौतुक भाषणातसुद्धा करता."

त्यांनी मुलीचं तोंड पुसलं आणि त्या काकांच्या बायकोकडे गेल्या. सेन्सेई कप हातात धरून शेजारीच उभे होते. काय म्हणाल्या, असं त्यांनी विचारलं. मी जपानीत सगळं सांगितलं. रजा, रोजचं भांडण, स्टेशनवरून परत येणं. त्यांनी ते अगदी लक्ष देऊन ऐकलं. एकदा थांबवून विचारलं, रजाच मिळाली नाही म्हणून? मी हो म्हणालो.

माझ्या डोळ्यांसमोर माझं प्रकरण होतं. चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर, गावात राहिलेले डॉक्टर, मास्तर. त्यांच्यापुढे मी लिहिलेली निष्ठा आणि धैर्य. यात कुठेही समासात प्रश्नचिन्ह पडलं नव्हतं. राहिलेल्यांतल्या किती जणांना जायचं होतं आणि जाता आलं नाही, हे मी एकाही कागदाला विचारलं नव्हतं. विचारावंसंच वाटलं नव्हतं मला.

सेन्सेईंनाही तेच सुचलं असावं. कप खाली ठेवत ते म्हणाले, "हे आपल्या पुस्तकात यायला हवं होतं. मीही पाहिलं नाही."

पुस्तक तोवर छापून झालं होतं. लोकही विकत घेत होते.